क्लचमास्तरांचा उजवा क्लच

आमच्या मामांनी एकतीस वर्षांत चार हजार माणसांना गाडी शिकवली. त्यात दोन दंतवैद्य आले, एक न्यायाधीश आला, एकाच घरातल्या तीन पिढ्या आल्या आणि शेवटी वैतागत वैतागत मीही आले. फक्त त्यांची स्वतःची बायको तेवढी राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या घरी एकोणतीस वर्षं मुक्कामाला होता.

मी त्यांची भाची. नोकरीच्या निमित्ताने चार महिन्यांसाठी म्हणून त्यांच्या वरच्या खोलीत राहायला आले, त्याला आता सहा वर्षं झाली. त्यामुळे पुढे जे सांगते आहे ते सगळं मी गॅलरीतून, मागच्या सीटवरून किंवा दाराआडून स्वतः पाहिलेलं आहे. दाराआडून ऐकणं वाईट हे मला मान्य आहे, पण त्या घरात माणसं बोलतातच इतक्या मोठ्याने की दार बंद करून उपयोग नसतो.

गावातले लोक मामांना क्लचमास्तर म्हणतात. मामांच्या मते स्टिअरिंग, ब्रेक, आरसे हे सगळं हळूहळू येतंच. गाडी त्यालाच येते ज्याला क्लच येतो. शिकणारा उजवीकडे स्टिअरिंगवर बसायचा आणि मामा त्याच्या डावीकडे. त्यांच्या पायापाशी त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच. इतर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्यांत शेजारचं पेडल ड्रायव्हरच्या पेडलला सळईने जोडलेलं असतं. मामांच्या गाडीत तसं नव्हतं. त्यांच्या फिटरने खास त्यांच्यासाठी क्लचची स्वतंत्र केबल ओढून दिली होती. या केबलचा दोघांना इतका अभिमान, की नवा माणूस भेटला की नाव सांगायच्या आधी केबल सांगायचे.

शिकवणीच्या शेवटच्या दिवसाची त्यांची एक पद्धत होती. पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावर गाडी थांबवायला सांगायचे, स्वतः खाली उतरायचे आणि तिथल्या बाकावर जाऊन बसायचे. मग शिकणाऱ्याने एकट्याने एक फेरी मारायची. बेकरीवरून, शाळेच्या मागून, चढावरून परत टाकीपाशी. सहा मिनिटांचं काम. परत आलं की मामांचा एकच प्रश्न, "किती वेळा बंद पडली?" एकदाही नाही म्हणणाऱ्यावर त्यांचा विश्वास बसत नसे. "ज्याची गाडी बंद पडते तो शिकाऊ," ते म्हणायचे, "आणि बंद पडल्यावर माझ्याकडे न बघता जो ती परत चालू करतो, तो ड्रायव्हर." समाधान झालं की म्हणायचे, "उद्यापासून येऊ नकोस." बस्स. पाठीवर थाप नाही, अभिनंदन नाही. पण ते वाक्य ऐकण्यासाठी माणसं महिनाभर शिव्या खायची. मला ते एकेचाळिसाव्या दिवशी ऐकायला मिळालं. सर्वसाधारण माणसाला वीस दिवस लागतात, हे मामा अजून पाहुण्यांना सांगतात.

आता मामीचं, हे मात्र ऐकीव. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मामांनी तिला शिकवायला घेतलं होतं. ती शिकवणी तीन मिनिटं चालली. पहिल्या मिनिटात गाडी बंद पडली, दुसऱ्या मिनिटात पुन्हा पडली, आणि तिसऱ्या मिनिटाला मामा म्हणाले, "अगं, डावा पाय बधिर आहे का तुझा?" मामी दार उघडून खाली उतरली आणि भर रस्त्यातून चालत घरी आली. पुढचे चार दिवस ती मामांशी फक्त मिठाच्या बाबतीत बोलली. तेव्हापासून घरात विषय निघाला की मामा समजूतदार आवाजात म्हणायचे, "तिला क्लच जमायचा नाही. एकेकाचा पाय असतो." मामी हातातलं भांडं जोरात ठेवायची.

दोन वर्षांपूर्वी मामांनी शिकवणं बंद केलं. शिकवणीची गाडी घरामागच्या अंगणात पत्र्याखाली उभी राहिली. इंजिन खलास, दारं गंजलेली, पण गिअरबॉक्स मात्र ठणठणीत. शेकडो माणसांनी करकरवूनही तो टिकला होता. मामा रोज संध्याकाळी तिच्यात जाऊन बसायचे. डाव्या सीटवर, अर्थातच. उजव्या सीटवर मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. बाजारात, दवाखान्यात, कुठेही जायचं झालं तरी कुणीतरी शिकणारा गाडी चालवत असायचा आणि मामा डावीकडे. त्यांची जागा म्हणजे डावी.

मग मामीची थोरली बहीण मुलीकडे कायमची राहायला गेली आणि जाताना आपली बावीस वर्षांची गाडी मामीला देऊन गेली. योगायोग असा की गाडी अगदी मामांच्या गाडीच्याच जातीची, फक्त ऑटोमॅटिक. ताई भारी हुशार बाई. जायच्या आधी दोन महिने तिने मामीला गुपचूप त्याच गाडीवर शिकवलं आणि लायसन्ससुद्धा काढायला लावलं. तिसऱ्या प्रयत्नात मिळालं. किल्ली देताना ताईने मामांच्या देखतच बजावलं, "एकच अट. नवऱ्याला शेजारी बसवायचं नाही."

मामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "दोन पेडलांची गाडी! ही गाडी नव्हे, पाळणा आहे. यात बसून फिरता येतं, चालवता येत नाही."

मामीने आठ दिवस तो पाळणा चालवला. शेजारी ताईची धाकटी सून बसायची. नवव्या दिवशी, म्हणजे एकटीने जायचं ठरवलं त्याच दिवशी, गाडी फाटकातच थांबली. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. फिटर आला, गाडीखाली गेला आणि हात पुसत बाहेर आला. "वहिनी, हिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला. याचे पार्ट आता मिळत नाहीत."

मामा हळहळले, पण ती हळहळ काही खरी वाटली नाही. "जाऊ दे ना," ते म्हणाले. "तुला जायचं असेल तिकडे बसने जाऊ."

आणि मामी बोलली. एकोणतीस वर्षांचं सगळं एकदम बोलली. "बसने जायचं असतं तर मी लायसन्स कशाला काढलं? मला एकदा, फक्त एकदा, गाडी घेऊन एकटीला जायचंय. शेजारी कुणी नको. डावीकडे बघ नको, उजवीकडे बघ नको. आणि तुमची ती गाडी पडलीय ना मागे? तिचा गिअरबॉक्स काढा आणि हिला बसवा. मी क्लचवालीच चालवीन. म्हणजे नंतर पाळणा पाळणा म्हणायला नको."

मामांचं तोंड उघडंच राहिलं. फिटरचे डोळे मात्र चमकले. असलं काम त्याला दहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचे सहा आठवडे आमचं अंगण म्हणजे इस्पितळ झालं. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी, विटा आणि स्टँडवर. फिटर गॅरेज बंद करून दुपारी यायचा, मामा सकाळपासूनच तयार. मेलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढायला चार माणसं लागली. जुन्या गाडीचा गिअरबॉक्स त्या मानाने सडपातळ, म्हणून त्याच्यामागचा शाफ्टही जुन्या गाडीचाच घ्यावा लागला. इंजिनच्या पाठीला ऑटोमॅटिकची पातळ चकती होती, तिथे जुन्या गाडीचं जड फ्लायव्हील आलं. गिअरच्या दांडीसाठी तळाचा पत्रा कापायची वेळ आली तेव्हा मामांना बघवेना. ते घरात जाऊन पाणी प्यायले आणि आवाज थांबल्यावर बाहेर आले.

क्लच बसवायच्या दिवशी मीही अंगणातच कपडे वाळत घालत होते, म्हणून हे नीट सांगते. फिटर म्हणाला, "वहिनींना बोलवा सर, पायाचं माप घेतो."

"तिला काय विचारतोस?" मामा म्हणाले. "क्लचचं माप मला विचार." आणि ते गाडीत बसले. डावीकडे. डावा पाय आरामात पुढे केला. फिटरने बुटाच्या टोकाशी खडूने खूण केली आणि मामांचं जुनं पेडल तिथे बसवलं, ती प्रसिद्ध केबल ओढली, दोघांनी आळीपाळीने दाबून बघितलं आणि एकमेकांना टाळी दिली. मीही मनात म्हटलं, चला, झालं एकदाचं.

शेवटी किल्ली फिरवली तर गाडी चालूच होईना. अर्धा दिवस गेला. मग कळलं की ऑटोमॅटिक गाडीचा दांडा पार्किंगवर किंवा न्यूट्रलवर असल्याशिवाय ती मुळात चालूच होत नाही, आणि तो दांडा तर आम्ही काढून टाकला होता. "हिला वाटतंय ती अजून ऑटोमॅटिकच आहे," फिटर म्हणाला.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," मामा म्हणाले, ते गाडीबद्दल होतं की आणखी कुणाबद्दल हे त्यांनी सांगितलं नाही. फिटरने दोन वायरी जोडल्या आणि इंजिन सुरू झालं. चाकं जमिनीपासून वर उचललेलीच होती. मामांनी डावीकडे बसून क्लच दाबला, फिटरने उजव्या खिडकीतून हात घालून एकेक गिअर टाकला, चाकं गरगर फिरली. चारही गिअर, शिवाय मागचा. फिटर म्हणाला, "रस्त्यावर एक चक्कर मारून बघतो." मामा म्हणाले, "नाही. पहिली तीच चालवेल." हे मात्र त्यांनी मनापासून म्हटलं, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

शनिवारी भंगारवाला येऊन जुन्या गाडीचा सांगाडा घेऊन गेला. मामा तिच्या डाव्या दारावर हात ठेवून बराच वेळ उभे होते.

रविवारी सकाळी मामी उजव्या सीटवर बसली. चष्मा पुसला, सीट पुढे ओढली. पहिल्या दिवसापुरती मामांना शेजारी बसायची परवानगी मिळाली होती, तेही तोंड बंद ठेवायच्या बोलीवर. मी मागे. फिटर बाहेर उभा, हातात फडकं.

"आता डावा पाय क्लचवर," मामा म्हणाले.

मामीने पायाने चाचपलं. "हा ब्रेक आहे."

"ब्रेकच्या डावीकडे."

"ब्रेकच्या डावीकडे नुसता पत्रा आहे."

"अगं, घाई करू नकोस. पहिल्या दिवशी कुणालाच सापडत नाही."

मामीने चष्मा वर सरकवला आणि स्टिअरिंगखाली डोकं घातलं. आतून तिचा आवाज आला, "अहो, इथे क्लच नाही."

"क्लच नाही असं कसं होईल?" मामा चिडले. "क्लच नसता तर परवा गिअर कसे पडले? हा बघ! हा काय! दाबतोय ना मी!" आणि त्यांनी स्वतःच्या पायाखालचं पेडल तीनदा दाबून दाखवलं.

मामी डोकं वर काढून त्यांच्या पायाकडे बघत राहिली. फिटर उजव्या खिडकीतून आत वाकला, मग गाडीला वळसा घालून डाव्या खिडकीपाशी गेला, तिथूनही वाकला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"सर," तो म्हणाला, "उजवा आपण बसवलाच नाही."

"उजवा बसवायचा असतो?" मामांनी विचारलं. "तो तर कंपनीतूनच बसून येतो."

"ही कंपनीतून ऑटोमॅटिक आली होती, सर."

पंचवीस वर्षं दोघांनी मिळून अकरा गाड्यांना डावा क्लच बसवला होता. उजवा बसवायची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. त्यात ऑटोमॅटिक गाडीचा ब्रेक चांगला दोन पेडलांएवढा रुंद असतो, त्यामुळे खाली बघितलं तरी जागा भरलेली वाटते. म्हणजे आधी कळस, मग पाया. आणि पाया काल दुपारी भंगारवाल्याच्या ट्रकमधून गेला होता, कारण जुन्या गाडीचं उजवं क्लच पेडल त्या सांगाड्यातच राहिलं होतं.

मला हसू आवरेना. मी सीटच्या मागे तोंड लपवलं. आता मामी उतरणार, चालत घरात जाणार, आणि आपल्याला महिनाभर अळणी जेवावं लागणार, असं मी धरून चालले होते.

मामी उतरली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती म्हणाली, "मागच्या वेळी मी उतरले होते. आता नाही उतरणार. आणि तुम्हालाही उतरता यायचं नाही, कारण क्लच तुमच्याकडे आहे." तिने किल्ली फिरवली. "दाबा."

"काय?"

"क्लच दाबा. मी पहिला टाकते."

मामांनी दाबला. तिने पहिला टाकला. "सोडा," ती म्हणाली. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे क्लच सोडवून घेणाऱ्या माणसाने घाबरून पाय एकदम उचलला. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली.

मामी सावकाश त्यांच्याकडे वळली. एकोणतीस वर्षं जपून ठेवलेलं वाक्य तिने अजिबात घाई न करता बाहेर काढलं.

"अहो, डावा पाय बधिर आहे का तुमचा?"

फिटर फडक्यात तोंड घालून गाडीमागे पळाला.

पुढचे तीन आठवडे गावाला फुकटात तमाशा मिळाला. फिटर भंगारवाल्यामागे लागला होता, पण भंगारवाला म्हणे सांगाडा पुढे विकून बसलेला. तोवर गाडी चालवायची ती दोघांनी मिळून. स्टिअरिंग, गिअर, ब्रेक, ॲक्सिलरेटर मामीचे, क्लच मामांचा. दोघांचं जमायचं ते आवाजावर. "दाबा! ... सोडा. हळू. अहो हळू! ... दाबा!" खिडक्या उघड्या असायच्या, त्यामुळे आमची गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. सिग्नलला शेजारी थांबलेल्या न्यायाधीशसाहेबांनी एकदा काच खाली करून विचारलं, "सर, नवी शिकवणी का?" मामा कसनुसं हसले. मामी म्हणाली, "हो. यांची."

मामांना पहिल्यांदाच कळलं की शेजारी बसून कुणी ओरडलं की माणसाचा पाय लटपटतो. दुसऱ्या आठवड्यात एका चढावर गाडी तीनदा बंद पडली आणि मागे हॉर्नचा कल्लोळ झाला, तेव्हा ते काकुळतीला येऊन म्हणाले, "जरा नीट सांग की गं. माणूस आहे मी."

मामीने मग खरोखरच नीट सांगितलं, "सावकाश. मला इंजिनचा आवाज बदललेला ऐकू आला की मी 'आता' म्हणेन. तेव्हा सोडा." तिने ऐकलं, ती "आता" म्हणाली, त्यांनी सोडला, आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चढ चढून गेली. घरी येईपर्यंत मामा शीळ वाजवत होते.

तिसऱ्या आठवड्यात तर दोघांची इतकी गट्टी जमली की "दाबा" म्हणावंच लागेना. मामीचा हात गिअरकडे गेला की मामांचा पाय खाली. मामा रोज सकाळी दाढी करून तयार. कुठे जायचं, हे ते विचारायचेही नाहीत. इतके खूश मी त्यांना शिकवणी बंद झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

आणि मग मला ते पेडल सापडलं.

मी मामांच्या कपाटात पाना शोधायला गेले होते. माझ्या खोलीतला नळ गळत होता. कपाटात शिकाऊ गाडीला लावायच्या लाल अक्षरांच्या पाट्यांचा गठ्ठा, आणि त्याच्यामागे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड. उघडलं तर क्लचचं पेडल. शेकडो डाव्या पायांनी रबर घासून गुळगुळीत केलेलं. त्याची पट्टी, स्प्रिंग, सगळं. वर्तमानपत्राची तारीख दहा दिवसांपूर्वीची.

माझं डोकं असं फिरलं की नळ तसाच गळत ठेवून मी थेट फिटरच्या गॅरेजमध्ये गेले. फिटरला दोन प्रश्न विचारताच तो खरं बोलला. भंगारवाल्याने पेडल कधीच दिलं होतं. मामांनीच सांगितलं होतं, इतक्यात वहिनींना बोलू नकोस म्हणून. "सर पहिल्यांदाच काहीतरी मागत होते," फिटर म्हणाला, "नाही म्हणवेना."

मी परत आले. मामा आणि मामी स्वयंपाकघरात चहा घेत होते. मी ते पेडल टेबलावर, बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवलं. चुगली म्हणा हवं तर. पण बाई एकटीने एक फेरी मारायची म्हणून एकोणतीस वर्षं थांबली होती, आणि या माणसाने ती फेरी पाट्यांच्या मागे दडवून ठेवली होती. मला मामा फार आवडतात, म्हणून तर जास्त राग आला.

मामीने पेडलकडे पाहिलं. मग मामांकडे. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "दहा दिवस झाले, तुम्ही भंगारवाल्याला एकदाही शिवी दिली नाहीत."

मामांनी कप खाली ठेवला. मला वाटलं आता काहीतरी सारवासारव करतील. पण ते सरळ बोलले. "चार हजार माणसं शिकवली. प्रत्येकाला चालवता आली की त्याने मला टाकीपाशी उतरवलं आणि निघून गेला. तसंच व्हायला हवं, तोच तर धंदा. मला कधी कुणाचं वाईट वाटलं नाही." त्यांनी पेडलवरून बोट फिरवलं. "तुझं वाटायला लागलं. आत्ता कुठे शेजारी बसायला मिळालं होतं."

मामीचा चेहरा असा झाला की मी उठून जावं हे मला कळलं. मी उठले नाही. ती म्हणाली, "मी तुमच्यावर रागावून एकटी जात नाहीये हो. म्हणजे आधी तसंच होतं, आता नाही. पण मला एकटीने बंद पाडायचीय. तुम्ही शेजारी असलात की मी तुमच्याकडे बघते. बघणारच. मग मी ड्रायव्हर कशी?"

हे मामांचंच वाक्य. ते त्यांच्याच गळ्यात पडलं. त्यांनी चहा संपवला, पेडल काखेत मारलं आणि फिटरला बोलवायला गेले.

पेडल बसवायला दीड तास लागला. रुंद ब्रेक कापून अरुंद केला, शेजारी क्लच आला. या वेळी माप मामीच्या पायाचं घेतलं. काम झाल्यावर मामांनी स्वतः पाना हातात घेतला आणि डावीकडचं आपलं पेडल खोललं. फिटर म्हणाला, "सर, राहू दे की. शिकवताना लागेल." मामा म्हणाले, "असलं की मी दाबणार. मला माहीत आहे मी." तळाच्या पत्र्यात दोन भोकं राहिली, त्यात फिटरने रबराची बुचं बसवली.

मामीला क्लच यायला चार दिवस लागले. चार! तीन आठवडे ती तोंडाने क्लच दाबत होती, आता फक्त पायाने दाबायचा होता. एकेचाळीस दिवसांवाली मी या आकड्याबद्दल जास्त बोलू इच्छित नाही.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावर मामीने गाडी बाजूला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. हँडब्रेक ओढला आणि समोर बघत म्हणाली, "उतरा." मग आरशात माझ्याकडे बघून, "तूही."

आम्ही उतरलो. मामा बाकावर बसले, सवयीने डाव्या टोकाला. मी उभीच राहिले. गाडी सुटली. जरा धक्का बसला, पण सुटली. आम्हाला इंजिनचा आवाज ऐकू येत होता. पहिला, दुसरा, तिसरा. दर वेळी मामांचा डावा बूट फरशीवर दाबला जात होता आणि हळूच वर येत होता. मग गाडी बेकरीपाशी वळली आणि आवाज गेला. बूट तसाच दाबलेला राहिला.

सहा मिनिटं झाली. दहा झाली. पंचवीस झाली तेव्हा मामांनी मला किती वाजले ते विचारलं, आणि घड्याळ त्यांच्या मनगटावरच होतं. चाळीसाव्या मिनिटाला ते उठून बेकरीपर्यंत गेले आणि परत आले. "चढावर असेल," ते म्हणाले. "त्या चढावर न्यायाधीशही रडला होता." तासाने ते म्हणाले, "ती ताईकडे निघून गेली असेल." ताईची मुलगी तीनशे किलोमीटरवर राहते. मी त्यांना बाकावर बसवलं.

सव्वा तासाने गाडी आली, तीही उलट्या दिशेने. बेकरीच्या बाजूने नव्हे, मोठ्या रस्त्याने. मामीने ती आमच्यासमोर थांबवली. तिचे केस विस्कटले होते, चष्म्यावर घामाचा डाग होता.

मामा उठले. दोन्ही हात मागे बांधले, चार हजार वेळा बांधले होते तसे. आवाज मात्र नेहमीचा नव्हता. "किती वेळा बंद पडली?"

"सात."

"मग?"

"मग काय. सात वेळा चालू केली."

"कुणाकडे बघितलंस?"

"कुणाकडे बघणार?" मामी म्हणाली. "कुणी नव्हतंच."

मामांनी मान हलवली. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत. आणि एकतीस वर्षांची सवय अशी की तोंडातून आपसूक तेच वाक्य गेलं, "उद्यापासून येऊ नकोस."

मामी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने वाकून डावीकडचं दार आतून उघडलं.

"अहो, मी तुमच्याच घरी राहते," ती म्हणाली. "बसा."